रेसिडेन्सीचे कान

२७ मे १८१६ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली, आणि ही गोष्ट खुद्द नागपूरच्या दरबारालाच ठाऊक नव्हती. दुसरे रघुजी भोसले दोन महिन्यांपूर्वी, २२ मार्चला वारले होते. गादीवर त्यांचा मुलगा परसोजी होता. तो आंधळा, अपंग, राज्यकारभार समजण्याच्या पलीकडचा. कारभार कोणी पाहायचा यावरून रघुजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले एका बाजूला, पुतण्या आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण चालली होती. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केले, पण झोप त्यांनाही येत नव्हती. म्हणून नागोपंत आणि नारायण पंडित ही त्यांच्या विश्वासातली माणसे रात्री-अपरात्री रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सकडे जाऊ लागली. तह झाला तोही असाच गुपचूप. फौजेच्या खर्चापायी साल साडेसात लाख रुपये द्यायचे ठरले, आणि फौज नागपूरजवळ येऊन ठेपेपर्यंत कागद उघड करायचा नाही, हेही ठरले.

थोरल्या रघुजींनी बंगालपर्यंत घोडी नेली होती. धाकट्या रघुजींनी १८०३ मध्ये अडगावला मार खाल्ला, देवगावचा तह करून कटक आणि वऱ्हाड घालवले, पण तैनाती फौज घ्यायला ते मरेपर्यंत तयार झाले नाहीत. त्यांचा हा हट्ट त्यांच्या पुतण्याने दोन महिन्यांत सोडला, आणि वाड्यातल्या शेकडो माणसांपैकी कोणालाही तो सुटताना ऐकू आला नाही.

आजचा बालाघाट जिल्हा तेव्हा याच राज्याचा पूर्वेकडचा भाग होता. ‘बालाघाट’ नावाचा जिल्हा इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडल्याचे तुकडे जोडून केला. त्याआधी हा मुलूख म्हणजे लांजीचा परगणा, वैनगंगेकाठची धानाची गावे, आणि घाटावर बैहर-परसवाड्याकडचे साल-बांबूचे रान. खाली पोवार, लोधी, कुणबी, मरार; वर गोंड आणि बैगा. भोसल्यांचा कमाविसदार सारा गोळा करी, जमीनदार आपापल्या इलाख्यात राज्य करीत. नागपूरच्या वाड्यात कोण कोणाच्या कानाशी लागले याच्याशी लांजीच्या रयतेला काय घेणे, असे वाटेल. पण दोनच वर्षांत त्या कुजबुजीचा निकाल कामठा आणि लांजीच्या वाटेवर लागायचा होता.

चोरून ऐकणे हा मराठी राज्यांत नवा धंदा नव्हता, आणि लाजिरवाणाही नव्हता. सभासदाच्या बखरीत सुरतेची बातमी आणणारा बहिर्जी जाधव जासूद येतो. पुढे त्याचा बहिर्जी नाईक झाला आणि त्याच्याभोवती कागदात न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी जमल्या. पेशवाईत तर प्रत्येक दरबारात प्रत्येक दरबाराचा वकील बसलेला असे. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे. त्यांच्या पत्रांत राजकारणाबरोबर बाजारभाव, आजार, नाटकशाळा, रुसवेफुगवे सगळे येई. त्यांच्या जोडीला अखबारनवीस. राजा केव्हा उठला, कोणाला भेटला, कोणाला विडा दिला आणि कोणाला ताटकळत ठेवले, याची रोजची टिपणे लिहिणारा हा माणूस दरबारात उघड बसे. त्याच्याखाली हरकारे आणि जासूद. आणि सर्वांत खाली ज्यांना कोणी बातमीदार म्हणत नसे अशी माणसे: हुक्का भरणारा, पाय चेपणारा, मशाल धरणारा, घोडा फिरवणारा. चारचौघांत बोलणे टाळायचे तर मराठ्यांकडे बोटांच्या खुणांनी बोलायची करपल्लवी होती. खलबतखान्याला दार एकच ठेवत, ते उगाच नाही.

इंग्रज रेसिडेंट आला तो या चालत्या व्यवस्थेत बसला. पुण्यात चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये आला आणि त्याला मुळा-मुठेच्या संगमावर जागा मिळाली. नाना फडणिसांना ही ब्याद गावाबाहेर बरी वाटली असावी. नानांचे बातमीदार मॅलेटच्या बंगल्यात, मॅलेटचे नानांच्या वाड्यात. जमाखर्च बराचसा बरोबरीचा होता. नाना १८०० मध्ये गेले, आणि ती बरोबरी त्यांच्याबरोबर गेली.

नागपुरात हे काम सुरू केले ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. देवगावच्या तहानंतर तो १८०४ च्या सुमारास नागपूरला राहायला आला, वय पंचविशीचे. रघुजी भोसले हिशेबाला इतके पक्के की लोक त्यांना ‘बडा बनिया’ म्हणत. अशा माणसाच्या पोटातले काढायचे तर त्याच्या भोवतालच्यांना धरावे लागे. दरबारातल्या वजनदार लोकांना तनखा बांधून आतल्या बातम्या घ्याव्यात की नाही, यावर एल्फिन्स्टन आणि आर्थर वेल्स्ली यांच्यात त्या काळात पत्रे चालली होती. त्यांत जयकिशन राम या भोसल्यांच्या कारभाऱ्याचे नाव येते. हा वेल्स्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. नागपूरच्या दरबारातले कान विकत घेण्याचा विचार तो सैन्याच्या दाणावैरणीइतक्याच कोरडेपणाने करी. एल्फिन्स्टन चार वर्षांनी गेला, त्याच्या जागी जेंकिन्स आला, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८२७ पर्यंत राहिला. दोन दशके एकाच शहरात, एकाच वाड्याकडे कान लावून. असा माणूस भोसल्यांकडे कोणी नव्हता. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या दिवाणखान्यात तर त्यांचे कोणीच नव्हते.

खरा फरक इथे होता. पेशव्याचे आणि भोसल्यांचे बातमीदार रेसिडेन्सीपर्यंत पोचत. रेसिडेन्सीच्या मागे जे होते, तिथे त्यांची पोच नव्हती.

पुण्याची गोष्ट नागपुराशी इतकी गुंतली आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. एल्फिन्स्टन १८११ मध्ये पुण्याचा रेसिडेंट झाला तेव्हा दुसरा बाजीराव आणि रेसिडेन्सी यांच्या मधोमध खुर्शेटजी मोदी नावाचा पारशी गृहस्थ बसलेला त्याला दिसला. रेसिडेन्सीच्या नोकरीत, पण बाजीरावाच्या गळ्यातला ताईत. साहेबाला पेशव्याचे म्हणणे त्याच्या तोंडून कळे आणि पेशव्याला साहेबाचे. बाजीरावाने त्याला कर्नाटकची सरसुभेदारीही दिली. दोन्हीकडचा पगार खाणाऱ्या माणसाच्या तोंडून कोणाचे खरे निघत असेल? एल्फिन्स्टनने त्याला एक काहीतरी निवड असे सांगितले. मोदीने सरसुभेदारी सोडली, पण मधला माणूस ही त्याची किंमत संपली. १८१५ मध्ये तो विष पोटात जाऊन मेला. ते त्याने घेतले की त्याला घातले, यावर तेव्हाही एकमत झाले नाही. एल्फिन्स्टन स्वतः मराठी जाणत होता आणि मधला माणूस वगळून बोलायची रीत त्याने सुरू केली.

त्याच वर्षी जुलैत गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पंढरपुरात मारले गेले. संशय बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. बरीच टाळाटाळ करून बाजीरावाने त्याला इंग्रजांच्या हवाली केले आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई. देशी शिपाई फितूर होतील, बोलण्याला भुलतील, पैसा घेतील. गोऱ्यांना भाषाच कळत नाही म्हणजे धोका नाही, असा हिशेब.

त्या हिशेबातच भोक होते. किल्ल्यातल्या एका साहेबाचा मराठा मोतद्दार रोज घोडा फिरवायला त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाई आणि जाता-जाता आपल्याच नादात असल्यासारखा गात असे. बाहेर कोण येऊन थांबले आहे, घोडी कुठे आहेत, कोणत्या वेळी काय करायचे, हे सगळे त्या गाण्यातून वर जात होते. पहाऱ्यावरचा गोरा ते ऐकत होता. कदाचित त्याला चालही आवडली असेल. १२ सप्टेंबर १८१६ च्या अंधारात त्रिंबकजी किल्ल्यातून निसटला आणि खाडी ओलांडून नाहीसा झाला. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नोंदवले. पुढे बिशप हेबर या बाजूने गेला तेव्हा त्याला हे गाणे कोणीतरी सांगितले, आणि त्याने ते इंग्रजीत उतरवून प्रवासवर्णनात घातले. त्या मोतद्दाराचे नाव मात्र दोघांनीही लिहिले नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या धामधुमीतला सर्वांत हुशार माणूस तोच.

एल्फिन्स्टनला यातून जो धडा मिळायचा तो मिळाला. १८१७ च्या पावसाळ्यात पुण्यात फौजा जमू लागल्या, तेव्हा त्याच्यापाशी भाषा कळणारे, नव्हे त्याच भाषेत वाढलेले कान होते. त्यांतली दोन नावे ग्रँट डफ देतो: यशवंतराव घोरपडे आणि बाळाजीपंत नातू. घोरपडे सरदार घराण्यातले. नातू पूर्वी रास्त्यांच्या पदरी होते. बाजीरावही गप्प बसलेला नव्हता. रेसिडेन्सीचे नोकर, छावणीतले शिपाई यांना फोडण्यासाठी त्याने पैसा ओतला. त्याचा कारभारी मोरो दीक्षित पेशव्याच्याच कवायती फौजेवरच्या कॅप्टन फोर्डकडे जाऊन सूचक बोलून आला, ते फोर्डाला फोडण्यासाठीच. पण फोर्ड उठला तो सरळ एल्फिन्स्टनकडे गेला. रेसिडेंटला भेटीला बोलावून मारावे असाही एक बेत निघाला होता. बापू गोखल्यांनी तो धुडकावला, कारण तसले काम त्यांना शिपाईगिरीच्या खालचे वाटले. हा बेत एल्फिन्स्टनच्या कानावर गेला. म्हणजे बाजीरावाच्या खलबतात जे झाले नाही, तेसुद्धा संगमावर पोचत होते.

ऑक्टोबरच्या अखेरच्या एका रात्री पेशव्याच्या छावणीत तोफांना बैल जुंपले होते आणि घोड्यांवर खोगिरे चढली होती. एल्फिन्स्टन रेसिडेन्सीच्या गच्चीवर उभा राहून तो गलका ऐकत होता. मध्यरात्र उलटून तास झाला तरी आवाज थांबेना. ग्रँट डफ त्याचा मदतनीस म्हणून तेव्हा पुण्यातच होता. हल्ला त्या रात्री झाला नाही. छावणीत सल्लामसलत चालू राहिली, आणि मधल्या दोन-तीन दिवसांत मुंबईची गोरी पलटण येऊन पोचली. १ नोव्हेंबरला इंग्रजी फौज खडकीला हलली. ५ नोव्हेंबरला लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली, एल्फिन्स्टनची पुस्तके आणि हस्तलिखिते जळाली. १६ नोव्हेंबरच्या रात्री बाजीराव पुणे सोडून निघाला. दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. ते चढवणारा हात बाळाजीपंत नातूंचा, असे पुणे आजवर सांगत आले आहे.

हे सगळे आपल्याच मुलखाचे पाप, असे समजून मान खाली घालायचे कारण नाही. याच वर्षांत युरोपातले राजे व्हिएन्नाला जमले होते. नेपोलियननंतरचा नकाशा आखायला १८१४ च्या शरदापासून १८१५ च्या जूनपर्यंत ते तिथे बसले. ऑस्ट्रियाचा पोलीसप्रमुख बॅरन हागर याने पाहुण्यांच्या घरांतून मोलकरणी आणि शेगडी पेटवणारे नोकर आपल्या पगारावर ठेवले. टोपलीतले फाडलेले कागद आणि शेगडीतले अर्धवट जळालेले चिटोरे गोळा होत, जोडले जात, आणि सम्राट फ्रान्सिस रोज सकाळी ते वाचे. पत्रे उघडून, नक्कल करून, लाख पुन्हा तशीच बसवून पुढे धाडणारे स्वतंत्र खातेच तिथे होते. व्हिएन्नाची मोलकरीण आणि नागपूरचा हुक्काबरदार एकाच पेढीवर नोकरीला होते म्हणा ना.

आता नागपूर. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते, शहरापासून बऱ्याच कोसांवर. कुजबूज झाली असेल. पण परसोजी मुळातच दुखणाईत, मृत्यू नैसर्गिक मानला गेला. रेसिडेन्सीने आप्पासाहेबांना मुधोजी भोसले या नावाने गादीवर मानले. राजाचा गळा दाबून खून झाला आणि तो आप्पासाहेबांच्या हुकमाने झाला, असा निष्कर्ष जेंकिन्सने काढला तो वर्षभरानंतर, आप्पासाहेब हातात आल्यावर. रेसिडेन्सी होती त्या सीताबर्डीच्या टेकडीपासून वाडा कितीसा लांब? एवढे तनखे, एवढे अखबार, आणि राजाच्या शयनगृहातला शेवटचा आवाज रेसिडेन्सीला ऐकू गेला नाही. की ऐकू गेला आणि तेव्हा तो ऐकणे सोयीचे नव्हते? आप्पासाहेब त्या वेळी कंपनीचे मित्र होते. बातमी मिळणे आणि बातमी मानणे यांत सोय नेहमी आडवी येते. त्या बाबतीत साहेब आणि पेशवा सारखेच.

मैत्री आटली ती आप्पासाहेबांना गादी पक्की वाटल्यावर. पुण्याशी त्यांची पत्रापत्री सुरू झाली. तिचा वास जेंकिन्सला दोन्हीकडून लागत होता: नागपुरातून निघताना आणि पुण्यात पोचताना. बाजीरावाच्या दरबारात काय आले हे एल्फिन्स्टन कळवी, भोसल्यांच्या दरबारातून काय गेले हे जेंकिन्स कळवी, हैदराबादचा रेसिडेंट आणखी तिसऱ्या बाजूने. तीन कागद शेजारी-शेजारी ठेवले की खोटे आपोआप गळून पडे. भोसल्यांकडेही जासूद होते, वकील होते, आणि कोणी असे म्हणू नये की ते कमी चतुर होते. पण त्यांची बातमी एका माणसाच्या कानात जाई आणि त्याच्या मनाला येईल तशी राही. पुण्याचा जासूद पुण्याचे शौर्य सांगे, नागपूरचा कारभारी नागपूरचे. ताडून पाहणारे दफ्तर मध्ये नव्हते.

याचा पुरावा २४ नोव्हेंबरला मिळाला. २३ च्या रात्री आप्पासाहेबांनी जेंकिन्सला निरोप धाडला की पेशव्यांकडून खिलत आणि सेनासाहेब सुभा हा किताब आला आहे, उद्या समारंभ आहे, आपणही यावे. जेंकिन्सने विरोध कळवला. समारंभ झाला. आप्पासाहेबांनी हत्तीवर बसून, लवाजम्यासह, फौजेसमोर तो किताब घेतला. ज्या पेशव्याच्या नावाने तो घेतला, तो आठ दिवसांपूर्वीच राजधानी सोडून रानोमाळ झाला होता.

पुढचे दोन दिवस रेसिडेन्सी आणि शहर यांच्यात जाणे-येणे बंद. २६ ला संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला आणि २७ ला दुपारपर्यंत चालला. लेफ्टनंट कर्नल स्कॉटकडे जेमतेम दीड हजाराच्या आत माणसे होती. समोर अठरा हजारांवर, त्यांत अरब. जेंकिन्सचा पहिला मदतनीस जॉर्ज सॉथबी मारला गेला. लहान टेकडी हातची गेली होती, तेवढ्यात कॅप्टन फिट्झगेराल्डने घोडदळ घातले आणि पारडे फिरले. नंतर आप्पासाहेबांनी निरोप पाठवला की फौज आपल्या हुकमावाचून लढली. डिसेंबरच्या मध्यावर जनरल डव्हटन येऊन पोचल्यावर ते स्वतःच इंग्रजांच्या छावणीत आले. गादी राहिली, पण नावापुरती.

त्यानंतर जेंकिन्सने पूर्वी कधी लावला नसेल असा कान लावला. मंडला आणि चौरागड हे किल्ले इंग्रजांना द्यायचे ठरले होते. उघड हुकूम ‘द्या’ असा गेला, आणि किल्लेदार मात्र देईनात. म्हणजे मागून दुसरा हुकूम गेला होता. बाजीरावाला चांद्याकडे बोलावणारी पत्रेही जेंकिन्सला कळली. १५ मार्च १८१८ रोजी आप्पासाहेबांना कैद झाली. त्यांच्याबरोबर ज्यांना पकडले त्यांत नागोपंतही होते. दोन वर्षांपूर्वी अंधारातून रेसिडेन्सीच्या पायऱ्या चढणारे तेच नागोपंत.

कैद्याला प्रयागच्या किल्ल्याकडे नेत होते. वाटेत जबलपूरकडे रायचूर नावाच्या गावी १३ मेच्या रात्री आप्पासाहेब शिपायाचा पोशाख घालून पहाऱ्यातून चालत निघून गेले. तंबूत नोकर बिछान्यावरच्या उशीला चेपीत बसले होते. पहाऱ्याच्या अंमलदाराने आत डोकावून पाहिले, राजा झोपला आहे असे त्याला दिसले आणि तो परतला. हे पहारेकरी बंगालच्या पलटणीचे देशी शिपाई होते, त्यांतले काही फोडले गेले होते. ठाण्यात पहाऱ्याला कैद्याची भाषा येत नव्हती म्हणून कैदी सुटला. रायचूरला ती चांगली समजत होती म्हणून सुटला. कंपनीने या दोन अनुभवांचा मेळ कसा घातला असेल देव जाणे.

आणि इथून पुढे रेसिडेन्सीचे कान बधिर झाले. आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरांत शिरले. हर्राईचा चैनशाह आणि इतर गोंड राजांनी त्यांना थारा दिला. डोक्यावर लाख रुपयांचे इनाम लागले. पावसाळा गेला, हिवाळा आला, कोणीही ते घ्यायला पुढे झाले नाही. ज्या नागपुरात तनख्यावर कारभारी मिळत होते, त्याच राज्याच्या डोंगरात लाखाला एक गोंड मिळाला नाही. जुलैत बैतुलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. शत्रूची संख्या त्याला कळली ती समोर उभा राहिल्यावर.

पूर्वेकडे, वैनगंगेपलीकडे, कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या बाजूने उठला. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे, बालाघाटच्या सीमेला लागून. त्याची जमीनदारी आजच्या बालाघाटात वारासिवनीच्या बाजूला पसरलेली होती. या भागात रेसिडेन्सीचा अखबारनवीस बसलेला नव्हता. बातमी बाजाराच्या दिवशी बैलगाडीवरून, बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर, सोयऱ्याच्या घरच्या लग्नातून फिरे, आणि ती हिंदीच्या, मराठीच्या, पोवारीच्या, गोंडीच्या वळणाने फिरे. नागपुरात बसून ती टिपणारा मुनशी कुठून आणायचा? जेंकिन्सला बंड झाल्यावर कळले, आणि मग ऐकण्याचे काम संपून मारण्याचे सुरू झाले. सप्टेंबर १८१८ मध्ये कॅप्टन गॉर्डनने कामठ्याची गढी हल्ला करून घेतली, चिमणा पटेल पकडला गेला. लांजीपर्यंतचा मुलूख शांत झाला, म्हणजे कंपनीच्या कागदांत शांत झाला.

आप्पासाहेब मात्र हाती लागले नाहीत. १८१९ च्या आरंभी ते चितू पेंढाऱ्याबरोबर अशीरगडाकडे गेले. एप्रिलमध्ये गड पडला तेव्हा ते तिथून निघून गेले होते. पंजाबात रणजितसिंहाकडे, पुढे डोंगरी संस्थानांत, शेवटी जोधपूरला. राजा मानसिंहाने त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करायला नकार दिला. तिथेच १८४० मध्ये ते वारले. त्रिंबकजीच्या नशिबी असा डोंगर नव्हता. तो १८१८ मध्येच नाशिककडे अहिरगावात सापडला, खबर लागल्यामुळे, आणि चुनारच्या किल्ल्यात मेला.

नागपुरात आप्पासाहेबांच्या जागी गादीवर बसवलेल्या लहानग्या तिसऱ्या रघुजींच्या नावाने जेंकिन्स राज्य चालवू लागला आणि ऐकण्याचा धंदा उजेडात आला. गावे किती, नांगर किती, कोणाचे वतन, कोणत्या जातीची वस्ती, तलाव कोणी बांधले, हे आता चोरून विचारायचे कारण नव्हते. पाटील-पांड्याला बोलावून लिहून घेता येत होते. त्यातून जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा मोठा अहवाल १८२७ मध्ये छापून निघाला. वैनगंगेच्या खोऱ्याविषयी पुढच्या शंभर वर्षांत लिहिणाऱ्या प्रत्येक गॅझेटियरला तो पहिल्या पायरीसारखा लागला. यादव माधव काळे यांनी नागपूरकर भोसल्यांचा इतिहास लिहिला, तेव्हाही आधाराचा फार मोठा भाग रेसिडेन्सीच्याच दफ्तरातून आला. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांनी काढले, त्यांतला नागपूरचा खंडही काळ्यांनीच संपादला.

म्हणजे आपण आज भोसल्यांचा शेवट वाचतो तो बहुतेक चोरून ऐकणाऱ्याच्या कानांनी वाचतो. बाळाजीपंत नातूंना महाराष्ट्र शिव्या देत आला आहे, आणि त्या त्यांनी कमावल्या आहेत. जहागीर घेतली, साताऱ्याचे छत्रपती पुढे पदच्युत झाले त्यातही त्यांचे नाव आहे. पण एका नातूवर सगळे ढकलले की पुढचे विचारावे लागत नाही. नागपूरच्या रोजच्या अखबारांत वाड्याच्या आतल्या गोष्टी पोचवणारी माणसे एक-दोन नव्हती. त्यांना पगार राजाकडून वेळेवर मिळत नव्हता, दरबारात दोन तट होते, उद्या कोणाचे राज्य येईल याचा भरवसा नव्हता. बातमी ही त्यांची शिल्लक होती. ती त्यांनी ज्याने रोख मोजले त्याला विकली.

कामठा-लांजीची बाजू मात्र अशी कोणी विकली नाही, म्हणून ती रेसिडेन्सीच्या कागदात नीट आलीही नाही. चिमणा पटेलाच्या गढीत काय ठरले, नागपूरहून कोणाचे पत्र आले, कोणत्या गावाने माणसे दिली, हे कॅप्टनच्या अहवालात मिळणार नाही. ते मिळाले तर इथल्याच घरांत मिळेल. वारासिवनी, लांजी, किरनापूर, कामठा, आमगाव या पट्ट्यात जुन्या मालगुजारांची, पाटलांची, कारकुनांची घरे अजून आहेत. माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील तर ते रद्दीत घालू नका, पेटवू नका. नागपुरात मोडी वाचणारी माणसे आहेत. त्यांच्यापर्यंत ते कागद पोचवा.